आधी पाणपातळी, मग पक्षी

युरोप-अमेरिकेतील मोठ्या नद्यांवर बंधारा पाहायला जाणारा माणूस बहुधा होड्या पाहायला जातो, कारण तेथे बंधाऱ्याला लागून लॉक बांधलेले असते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली पाण्याची लांबट कोठी, जिच्यात होडी घेऊन मागचे दार लावतात आणि आत पाणी भरून किंवा आतले पाणी सोडून होडीला वरच्या अथवा खालच्या पातळीवर नेतात. भारतात गंगेवर फरक्का येथे असे लॉक आहे आणि केरळात वेंबनाड सरोवरावरील तण्णीरमुक्कम बंधाऱ्यालाही आहे. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र त्याची गरज कधी भासली नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या नद्या पावसाचे चार महिने दुथडी भरून वाहतात आणि उरलेल्या आठ महिन्यांत त्यांच्या पात्रातले खडक उघडे पडतात. त्यामुळे या नद्यांतून मालाची ने-आण रुजली नाही, होडी उरली ती एका काठाची माणसे दुसऱ्या काठावर उतरवण्यापुरती, आणि धरणे बांधताना होडीला वाट ठेवावी असे कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात राहून नदीवर होड्या व पक्षी पाहणाऱ्याला म्हणूनच वेगळ्या प्रकारे पाहायला शिकावे लागते: येथे होडी असो वा बदक, त्या दिवशी ते दिसेल की नाही हे धरणात पाणी किती साठले आहे आणि नदीत किती सोडले आहे यावरून ठरते.

या पट्ट्यातून तीन नद्या जातात. पवना ही मावळातील डोंगरांतून येऊन रावेत, चिंचवड, पिंपरी अशी शहराच्या मधून वाहत दापोडीजवळ मुळेला मिळते. इंद्रायणी शहराच्या उत्तर हद्दीवरून देहू, मोशी, आळंदी करीत तुळापूरला भीमेत जाते. आणि चाकणच्या पलीकडे खेड तालुक्यात भामा वाहते, जिच्यावर भामा आसखेडचे धरण आहे. मुळा-मुठेचे पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळत असल्याने या तिन्ही नद्यांचे पाणी शेवटी भीमेवरील उजनी धरणात पोहोचते. नकाशावर हे सगळे एकाच खोऱ्याचे भाग असले, तरी प्रत्येक ठिकाणचे पाणी निराळ्या कामाला जुंपलेले आहे आणि त्याप्रमाणे तेथील पक्षीही निराळे आहेत.

धरणावर नेमाने जाणाऱ्याच्या कानावर काही शब्द सतत पडतात आणि ते समजल्याशिवाय पुढचे निरीक्षण अपुरे राहते. धरणाचा साठा टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2832 कोटी लिटर पाणी. नदीत सोडलेल्या पाण्याला विसर्ग म्हणतात आणि तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या मापाने सांगतात. एका क्युसेकमध्ये सेकंदाला अठ्ठावीस लिटरांहून थोडे अधिक पाणी जाते. वरून धरणात येणारे पाणी म्हणजे येवा, दारांच्या किंवा विमोचकाच्या पातळीच्या वरचे, वापरता येण्याजोगे पाणी म्हणजे उपयुक्त साठा आणि त्याखाली राहणारे म्हणजे मृत साठा. पाण्याची पातळी भिंतीलगत रंगवलेल्या मापनपट्टीवर वाचतात. दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी या पट्टीवर नजर टाकण्याची सवय ज्याला लागली, त्याला पक्ष्यांची ये-जा पुष्कळ लवकर उलगडते.

येथे वाराचाही संबंध येतो. भोसरी, पिंपरी, चिंचवड येथील अनेक कारखान्यांना, आणि चाकणमधील काहींनाही, साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. विजेचा भार आठवड्यात वाटला जावा यासाठी औद्योगिक क्षेत्रांना वेगवेगळे वार ठरवून दिले गेले, त्याचा हा परिणाम. त्यामुळे पवनानगरच्या रस्त्यावर रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागलेली असताना पवना धरणाचा जो काठ पाहायला मिळत नाही, तो गुरुवारी सकाळी कामगाराला निवांत मिळतो. तिसरी पाळी संपवून, घरी न जाता थेट रावेतच्या पुलावर थांबणारेही आहेत. गणवेशाच्या खिशात छोटी दुर्बीण आणि डब्याच्या पिशवीत वही, असा हा छंद या पट्ट्यात जोपासला गेला आहे. पक्षीनिरीक्षण हा फावल्या वेळाचा, सुखवस्तू माणसांचा उद्योग आहे हा समज येथे टिकत नाही. उलट, यंत्रावर आठ तास लक्ष ठेवण्याची सवय झालेला माणूस एकाच दगडावर बसलेल्या एकाच पक्ष्याकडे अर्धा तास पाहत राहू शकतो आणि ही क्षमता पुस्तकातून येत नाही.

पवना धरण 1972 च्या सुमारास पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता साडेआठ टीएमसीच्या घरात आहे, आणि लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे चार किल्ले त्याच्या जलाशयाभोवती उभे आहेत. पावसाळ्यात सांडव्याचे सहा दरवाजे किती उघडले याची बातमी होते. विसर्ग वाढवण्यापूर्वी भोंगा वाजवतात, नदीकाठच्या गावांना इशारा जातो, आणि 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटल्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या या जिल्ह्यात तो भोंगा कोणी हलक्याने घेत नाही. गर्दी होते ती या दिवसांत. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र हा काळ जवळजवळ रिकामा असतो, कारण भरलेला जलाशय डोंगराच्या उतारांना भिडलेला असतो आणि त्याच्या काठाला उथळ पाणीच नसते. सह्याद्रीतील धरणे चिंचोळ्या, खोल दऱ्यांत बांधलेली आहेत. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या किंवा पाण्यात डोके बुडवून तळाच्या वनस्पती ओढणाऱ्या पक्ष्यांना असे खोल पाणी उपयोगाचे नसते. तेथे दिसतात ते बुडी मारून मासे धरणारे पाणकावळे, वरून सूर मारणारे नदी सुरय आणि हिवाळ्यात पाहुणा येणारा कैकर हा मासेखाऊ शिकारी पक्षी.

पक्ष्यांच्या दृष्टीने धरणाचा बहर येतो तो पाणी ओसरू लागल्यावर. फेब्रुवारीपासून पातळी उतरत जाते आणि काठाला ओल्या मातीचा पट्टा उघडा पडतो, ज्यावर आसपासचे शेतकरी गाळपेर करतात, म्हणजे धरणाच्या पोटातील जमिनीत, पाणी परत येण्याआधी हाती लागेल असे पीक घेतात. त्याच पट्ट्यावर तुतारी आणि धोबी हे पक्षी पळापळ करू लागतात आणि टिटवी घरटे करते. घरटे म्हणजे मातीत पायाने केलेला उथळ खळगा आणि त्याभोवती मांडलेले चार खडे, एवढेच असते. चैत्र-वैशाखात दुपारी तेथे अंतर राखून बसल्यास दिसते की अंड्यांवरची टिटवी उठते, चालत पाण्याच्या कडेला जाते, पोटाची पिसे पाण्यात नीट भिजवते आणि तशीच ओली परत येऊन अंड्यांवर बसते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मातीला हात लावणे अवघड व्हावे इतक्या उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून चाललेली ही धडपड पाहिली, म्हणजे पाण्याची कड घरट्यापासून किती दूर आहे या प्रश्नाला किती महत्त्व आहे ते कळते. पातळी फार झपाट्याने उतरली तर पक्ष्याला तेवढे अधिक अंतर चालावे लागते. आणि वळवाच्या पावसाने ती अचानक वर आली तर खळगाच बुडतो.

नदी सुरयाची गोष्ट याहून नाजूक आहे. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी आणि खोल दुभंगलेली शेपटी असलेला हा पक्षी उन्हाळ्यात पाण्याबाहेर आलेल्या बोडक्या बेटांवर अंडी घालतो. बेटाभोवती पाणी आहे तोवर कुत्रा किंवा गुरे तेथे पोहोचत नाहीत; पाणी आणखी उतरून बेट काठाला जोडले गेले की संरक्षण संपते. जागतिक पातळीवर या पक्ष्याची नोंद आता संकटग्रस्ततेकडे झुकलेल्या, असुरक्षित वर्गात केली जाते, आणि धरणांच्या पातळीतील चढउतार हे त्यामागील एक कारण मानले जाते. धरणावरच्या अभियंत्याने विसर्ग ठरवताना सुरयाच्या अंड्यांचा विचार करावा, ही अपेक्षा आज कोणाला भाबडी वाटेल. परंतु शेती, शहर आणि वीज यांच्यासाठी पाण्याचे वेळापत्रक आखता येते, तर एप्रिल-मे महिन्यांतील काही आठवडे पातळी हळूहळू उतरवणे अशक्य आहे असे मानण्याला आधार नाही.

धरणापासून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंतची पवना हा या सगळ्या पट्ट्यातील सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि तो तसा का आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे पिण्याचे पाणी धरणातून नळाने येत नाही. ते नदीत सोडले जाते, पात्रातून वाहत रावेतला येते, तेथे बंधाऱ्याने अडवले जाते आणि पंपांनी उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे नेले जाते. रोज 50 कोटी लिटरच्या आसपास पाणी असे उचलले जाते, आणि तेवढ्यानेही भागत नसल्यामुळे 25 नोव्हेंबर 2019 पासून शहराला दिवसाआड पाणी मिळते. याचा अर्थ असा की दख्खनची एक लहान नदी, जी एरवी मार्चमध्येच डबक्यांपुरती उरली असती, ती शहराच्या तहानेमुळे भर मेमध्येही वाहती राहते. शिवणे, बेबडओहोळ, गहुंजे या बाजूला नदीकाठाने चालताना उन्हाळ्यातही करंज व उंबर हिरवे दिसतात, खडकांमधून पाणी खळाळते, आणि कवड्या धीवराची जोडी ठरावीक अंतरावर भेटत राहते.

हा कवड्या धीवर जवळून पाहण्यासारखा आहे. इतर खंड्यांप्रमाणे तो केवळ फांदीवर बसून वाट पाहत नाही. तो पाण्यावर आठ-दहा फुटांवर एका जागी पंख फडफडवीत थांबतो, शरीर जवळजवळ उभे आणि चोच सरळ खाली रोखलेली, आणि मासा दिसताच पंख मिटून दगडासारखा खाली पडतो. अनेक वेळा तो रिकामाच वर येतो, अंग झटकतो आणि काही हात पुढे जाऊन पुन्हा तसाच थांबतो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात आणि मादीच्या छातीवर मध्ये तुटलेला एक. या शिकारीला पाणी नितळ लागते, कारण वरून मासा दिसला पाहिजे. म्हणून रावेतच्या वर तो सहज दिसतो आणि बंधारा ओलांडून खाली गेले की विरळ होत जातो. बंधाऱ्याची भिंत ही त्याच्या दृष्टीने एक सरहद्दच आहे.

धरणातून निगडीपर्यंत सुमारे 35 किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकण्याची योजना आखली गेली, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती महामार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर काम थांबले. शेतकऱ्यांचा प्रश्न पाण्यावरील हक्काचा आणि जमिनीचा होता, पक्ष्यांचा नव्हता, आणि त्या तीन जिवांची किंमत कोणत्याही निसर्गप्रेमाने मापू नये. पाणी नळाने आणल्यास गळती, चोरी आणि प्रदूषण टळते, हा महापालिकेच्या बाजूचा युक्तिवादही पोकळ नाही. तथापि नदीच्या बाजूने पाहणाऱ्याला एक गोष्ट नमूद करावी लागते: पाणी नळात गेले की धरणाखालच्या पवनेला उन्हाळ्यात वाहण्याचे कारण उरत नाही. पर्यावरणीय प्रवाह, म्हणजे नदी जिवंत राहावी म्हणून पात्रात सोडलेच पाहिजे असे किमान पाणी, ही संकल्पना कागदावर मान्य झालेली असली, तरी पवनेत आजवर ते पाणी आले आहे ते शहराच्या गरजेबरोबर, स्वतःच्या हक्काने नव्हे.

रावेतच्या खाली चित्र पालटते. बंधाऱ्याने वरचे पाणी अडवल्यावर खाली जे वाहते त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा असतो, आणि हिवाळा संपताना जलपर्णी पात्र झाकू लागते. थेरगाव, चिंचवड, पिंपरी भागांत मार्चमध्ये नदीच्या जागी हिरवे मैदान दिसते. तेथे पक्षी नसतात असे नव्हे. लांबलचक बोटांचा कमळपक्षी जलपर्णीच्या पानांवरून सहज चालत जातो, जांभळ्या पाणकोंबड्या आणि ढोकरी तिच्यात वावरतात, आणि उथळ, काळपट पाण्यात गुलाबी पायांच्या शेकाट्यांचे थवे अळ्या व किडे वेचताना दिसतात. नुसती संख्या मोजली तर हा भाग समृद्ध वाटतो, आणि येथेच नवख्या निरीक्षकाची फसगत होते, कारण शेकाट्यांची गर्दी ही बहुधा सेंद्रिय घाण वाढल्याची खूण असते. मासा नजरेने शोधणारे पक्षी कमी होणे आणि चिखलातला किडा शोधणारे वाढणे, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

होड्यांचा विषय या नद्यांत लहान आहे, पण अगदीच नाही असे म्हणता येत नाही. पवनेच्या जलाशयात मासेमार आपल्या छोट्या होड्यांतून, काही ठिकाणी रबरी ट्यूबवर बसून, पहाटे जाळी काढतात, आणि पाणकावळे त्यांच्या मागावर असतात. पुण्यात संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे, ज्याचा रेगाटा हा होड्यांचा सोहळा 1928 पासून होत आला आहे. या पट्ट्यातील खरी होडी मात्र दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात आहे, जेथे लष्कराचे रोइंग केंद्र आणि सरळ, लांब, बांधीव जलमार्ग आहे. रोइंगची आंतरराष्ट्रीय शर्यत 2000 मीटरची असते आणि तिला प्रवाह नसलेले, पातळी स्थिर असलेले पाणी लागते, जे येथील कोणतीही नदी देऊ शकत नाही. चांदवड तालुक्यातील दुष्काळी गावातून आलेला दत्तू भोकनळ लष्करात भरती झाल्यावर पुण्याच्या या केंद्रात वल्हे मारायला शिकला, 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्स प्रकारात 13 वा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्याने सुवर्णपदक मिळवले. ज्या गावात विहिरीला पाणी लागत नव्हते तेथील मुलगा पाण्यावरच्या खेळात इथवर पोहोचला, ही महाराष्ट्राच्या जलकथेतील अभिमानाने सांगण्याची गोष्ट आहे.

स्थिर पातळीच्या पाण्याचे दुसरे उदाहरण पिंपरीच्या टाटा मोटर्समध्ये सापडते. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी कारखाना उभारताना माळरानावर झाडे लावून घेतली आणि एक तळे करवून घेतले, जे आज सुमंत सरोवर म्हणून ओळखले जाते व जेथे पाणपक्षी येतात. कारखान्याच्या भिंतीआड असल्याने तेथे शिकार नाही, गुरे नाहीत, कुत्री नाहीत.

चाकणच्या बाजूची दोन ठिकाणे एकमेकांशी ताडून पाहण्यासारखी आहेत. निघोजे येथे इंद्रायणीवर बंधारा आहे आणि आंद्रा धरणातून नदीत सोडलेले पाणी तेथून उचलून चिखलीच्या शुद्धीकरण केंद्राला दिले जाते. म्हणजे पवनेवर जे रावेतला घडते तेच येथे इंद्रायणीवर घडू लागले आहे. बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात, म्हणजे अडलेले पाणी जेथवर मागे पसरते त्या भागात, हळदी-कुंकू बदके आणि वारकरी हे पाणपक्षी दिसतात, तर पलीकडे महाळुंगेच्या कारखान्यांची छपरे आणि कंटेनरची रांग. याच नदीवर खाली आळंदीला पांढरा फेस तरंगताना दिसतो, आणि वारीच्या दिवसांत त्या पाण्याकडे पाहून हात जोडणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता लपत नाही. इंद्रायणीवरच कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल 15 जून 2025 रोजी, रविवारी, पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पावसाळ्यात नदी पाहायला जाणाऱ्याने पूल, सांडवा आणि शेवाळलेला खडक यांपासून दूर राहावे हे सांगायला यापेक्षा वेगळा दाखला नको.

भामा आसखेडचे धरण चाकणपासून जवळ असूनही तेथे गर्दी कमी असते. साडेसात टीएमसीहून थोडा अधिक उपयुक्त साठा असलेल्या या धरणातून 1 जानेवारी 2021 पासून पुण्याच्या पूर्व भागाला पाणी दिले जाऊ लागले, आणि तेही बंद नळाने. खेड तालुक्यात खालच्या बाजूच्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. यांच्या दगडी खांबांमधील खाचांत पावसाळा संपताच ढापे, म्हणजे फळ्या, बसवून पाणी अडवतात आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी त्या काढून घेतात. ऑक्टोबरमध्ये ढापे बसवल्यावर वरचे पात्र भरते आणि खालचे एकदम आटते. खालच्या डबक्यांत अडकलेले मासे टिपण्यासाठी राखी बगळे, चित्रबलाक आणि शराटी यांची तेथे झुंबड उडते. ही मेजवानी पंधरवड्यात संपते. जो निरीक्षक ती पाहून बंधाऱ्याखालची जागा उत्तम म्हणून नोंदवतो आणि ढापे कधी बसले ते लिहीत नाही, त्याची नोंद पुढच्या वर्षी कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती 1987 साली सुरू झाली आणि तिच्यात ठरलेल्या पाणथळीवर जाऊन पक्षी मोजतात. उजनीच्या काठी भिगवणला ती पाहिली की पातळीचे महत्त्व पुन्हा ठळक होते. उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी आणि त्यातील निम्म्याहून अधिक मृत साठा असल्याने तेथे विस्तीर्ण उथळ पाणी राहते, आणि ज्या वर्षी पातळी लवकर उतरते त्या वर्षी रोहित पक्षी लवकर व अधिक जमतात, तर धरण काठोकाठ असताना ते उशिरा येतात किंवा अन्यत्र जातात. संख्या घटली म्हणजे पक्षी संपले, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्या आठवड्याचा साठा पाहायला हवा.

जलसंपदा विभाग धरणांची पातळी आणि विसर्ग रोज नोंदवतो. पक्ष्यांच्या याद्या निरीक्षकांच्या वह्यांत आहेत. ही दोन टिपणे एका तक्त्यात आणण्याचे काम पिंपरी-चिंचवडच्या माणसांना जमण्यासारखे आहे, कारण दर पाळीला तापमान, दाब आणि उत्पादन यांचे रीडिंग लिहून सही करण्याची शिस्त त्यांच्या हाताला आहे. त्या तक्त्यात तारीख, वेळ, मापनपट्टीवरची पातळी, धरणाचा विसर्ग, बंधाऱ्याचे ढापे बसले की काढले, जलपर्णीने किती पात्र झाकले, आणि मग जातवार पक्षी, एवढे रकाने असावेत, आणि रावेत, निघोजे, पवनानगर व भामा आसखेड या चारही जागी ते पावसाळा धरून बाराही महिने भरले जावेत.